एफबीआयचे हूवर: चांगलं काम आणि गैरवापर वेगळे काढता येतात का?

वाटसरू (धागाकर्ता)

जे. एडगर हूवर यांच्यावर अभ्यासमंडळासाठी टिपण करतो आहे. १० मे १९२४ ला, वयाच्या २९व्या वर्षी ते एफबीआयच्या संचालकाच्या खुर्चीत बसले आणि २ मे १९७२ ला मृत्यू येईपर्यंत उठले नाहीत. कूलिजपासून निक्सनपर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष झाले. जे वाचायला मिळतं ते दोन गठ्ठ्यांत पडतं. एकात बोटांचे ठसे, प्रयोगशाळा, पोलीस प्रशिक्षण, दरोडेखोर डिलिंजर. दुसऱ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची पाळत, कॉइंटेलप्रो (चळवळी आतून मोडून काढायची एफबीआयची छुपी मोहीम), गुप्त फायली. बहुतेक लेख 'गुणदोषांसह मोठा माणूस' म्हणून मोकळे होतात. मला तिथे थांबायचं नाही.

जाणकारांनी हे सांगावं:
१) गुप्त फायलींची यंत्रणा कागदावर नेमकी कशी चालायची?
२) ४८ वर्षांत त्यांना कुणी हटवलं का नाही? फक्त भीतीपोटी?
३) त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं श्रेय तपासून घेतलं तर किती उरतं?

---

दप्तरखाना

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन त्यातूनच उलगडतात.

हूवर हे आधी कार्डांचे माणूस, मग पोलीस. कायद्याचं शिक्षण घेताना ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कारकून होते. १९१७ मध्ये न्याय खात्यात आले आणि १९१९ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) पामर यांनी त्यांना जहाल चळवळींवर नजर ठेवणारा नवा विभाग दिला. तिथे त्यांनी माणूस, संघटना, गाव, नियतकालिक अशा प्रत्येकाचं कार्ड करून ती एकमेकांना जोडली. थोड्याच काळात कार्डं दीड लाखांवर गेली. नोव्हेंबर १९१९ आणि जानेवारी १९२० च्या पामर धाडी याच कार्डांच्या आधारावर पडल्या. हजारोंना पकडलं, त्यातल्या बऱ्याच जणांना वॉरंटशिवाय. पुढे मजूर खात्याचे सहायक सचिव लुई पोस्ट यांनी एकेक प्रकरण तपासून हजाराहून अधिक हद्दपाऱ्या रद्द केल्या. यादी तयार होती, पुरावा नव्हता.

१९२४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल हार्लन स्टोन यांनी हूवरना नेमलं ते स्पष्ट अटीवर: माणसाचे विचार काय आहेत याच्याशी ब्यूरोला (म्हणजे पुढच्या एफबीआयला) देणंघेणं नाही, त्यानं कायदा मोडला का एवढंच पाहायचं. त्याच वर्षी लेव्हनवर्थ तुरुंग आणि पोलीसप्रमुखांची संघटना यांच्याकडचे ठसे एकत्र करून ८,१०,१८८ कार्डांचं मध्यवर्ती दप्तर उभं राहिलं. आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कौशल्य तेच, कार्ड तेच, फरक एवढाच की ठशांच्या कार्डावर काय लिहायचं याला बाहेरची कसोटी होती. ठसा जुळतो किंवा जुळत नाही. 'धोकादायक' या शेऱ्याला तशी कसोटी कुठेच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला आणीबाणीत कुणाला आत टाकायचं याची यादी हूवरनी केली, कस्टोडियल डिटेन्शन इंडेक्स. जुलै १९४३ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी ती बेकायदेशीर आणि निरुपयोगी ठरवून बंद करायचा लेखी हुकूम दिला. हूवरनी ऑगस्टमध्ये फील्ड ऑफिसेसना कळवलं की यापुढे या यादीला 'सिक्युरिटी इंडेक्स' म्हणायचं आणि तिचं अस्तित्व गुप्त ठेवायचं. कार्डं जागची हलली नाहीत. १९७५ मध्ये चौकशी करणाऱ्या सिनेटच्या चर्च समितीच्या अहवालानुसार या यादीत एका टप्प्यावर २६,००० नावं होती. १९७१ मध्ये काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) आणीबाणीतल्या स्थानबद्धतेचा कायदा रद्द केला, तेव्हा पुन्हा नाव बदललं आणि ती 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इंडेक्स' झाली. तुमच्या टिपणात एकच उदाहरण घ्यायचं असेल तर हे घ्या. वरिष्ठाचा हुकूम उघडपणे मोडायचा नाही, फक्त ज्या नावाला हुकूम लागू होतो ते नाव पुसायचं, ही त्यांची कायमची पद्धत होती.

आता गुप्त फायली. लोकांना वाटतं एक कुलूपबंद कपाट होतं. प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या तरतुदी होत्या.

नेहमीच्या फायलीत प्रत्येक कागदाला अनुक्रमांक पडायचा. एखादा कागद काढून घेतला तर खाडा दिसायचा, म्हणून अडचणीच्या कागदाला अनुक्रमांकच द्यायचा नाही अशी सोय केली. घरफोडी करून कागदांचे फोटो काढायच्या मोहिमांसाठी 'डू नॉट फाइल' ही वाट होती. १९ जुलै १९६६ च्या अंतर्गत टिपणात ती पायरीपायरीनं लिहिलेली आहे. फील्ड ऑफिसचा प्रमुख परवानगी मागणार, मुख्यालयात हूवर किंवा त्यांच्या हाताखालचे टोल्सन मंजुरी देणार, तो कागद सहायक संचालकाच्या खोलीत राहणार. इकडे फील्ड प्रमुखानं मंजुरी मिळाल्याचं साधं टिपण स्वतःच्या तिजोरीत ठेवायचं आणि पुढच्या तपासणीला निरीक्षक आले की ते नष्ट करायचं. म्हणजे तपासणी हीच पुरावा मिटवायची वेळ. त्याच टिपणावर हूवरनी यापुढे असले प्रकार नकोत असा शेरा मारला, तोवर वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

दुसरी वाट 'जून मेल'. १९४९ च्या ज्युडिथ कॉप्लन यांच्या हेरगिरीच्या खटल्यात न्यायालयानं एफबीआयचे कच्चे अहवाल उघड करायला लावले आणि फोन टॅप बाहेर आले. त्यानंतर अतिसंवेदनशील स्रोतांचे कागद मुख्य फायलीपासून वेगळे जाऊ लागले.

तिसरा आणि चौथा गठ्ठा हूवर यांच्या कार्यालयातला: 'ऑफिशियल अँड कॉन्फिडेन्शियल' आणि 'पर्सनल अँड कॉन्फिडेन्शियल'. पहिला गठ्ठा वाचला, तो आज वाचता येतो. दुसरा त्यांच्या सचिव हेलन गँडी यांनी नष्ट केला. हूवर गेल्याच्या दिवशी त्यांचं कार्यालय सीलबंद करायचा आदेश निघाला. त्याप्रमाणे त्यांच्या खासगी खोलीला कुलूप लागलंही, पण तिथे फायली नव्हत्या. फायली बाहेर गँडीबाईंच्या खोलीत होत्या, आणि ती खोली आदेशाच्या शब्दांत बसत नव्हती. १९७५ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलं की तो खासगी पत्रव्यवहार होता. ते पडताळायला आता काही शिल्लक नाही.

---

साक्षेप

दप्तरखाना यांनी यंत्रणा नेमकी मांडली आहे. पण त्यांचा रोख एकाच माणसावर राहतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'भीती' असं दिलं की आठही राष्ट्राध्यक्ष सुटतात, आणि ते खरं नाही.

मंजुऱ्यांकडे बघा. १९३६ मध्ये फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट चळवळींची माहिती गोळा करायला रूझवेल्टनी तोंडी सांगितलं. स्टोन यांची १९२४ ची अट तिथे संपली. सर्वोच्च न्यायालयानं १९३७ मध्ये नार्डोन खटल्यात फोन टॅपिंग कायद्यात बसत नाही असं म्हटलं. तरी २१ मे १९४० ला रूझवेल्टनी राष्ट्रीय संरक्षणाच्या प्रकरणांत ते करायला लेखी मोकळीक दिली. १९५४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल ब्राउनेल यांनी मायक्रोफोन बसवण्याबाबत ब्यूरोला जवळजवळ मोकळं रान दिलं, मग त्यासाठी कुणाच्या घरात शिरावं लागलं तरी.

किंग यांच्या प्रकरणात टॅप आणि मायक्रोफोन यांची गल्लत सगळीकडे होते, ती तुम्ही करू नका. फोन टॅपला अ‍ॅटर्नी जनरलची सही लागायची. ती ऑक्टोबर १९६३ मध्ये रॉबर्ट केनेडी यांनी केली. कारण दाखवलं होतं किंग यांचे सल्लागार स्टॅनली लेव्हिसन यांच्या कम्युनिस्ट संबंधांचं. हॉटेलच्या खोल्यांतले मायक्रोफोन मात्र ब्यूरोनं १९५४ च्या मोकळिकीवर परस्पर बसवले, पहिला जानेवारी १९६४ मध्ये वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात. किंग यांच्या खासगी आयुष्याबद्दलचा मजकूर मुख्यतः त्यांतून आला. म्हणजे केनेडी यांची जबाबदारी खरी आहे, पण अर्धीच. कम्युनिस्ट संबंधांचा धागा निघाला नाही तेव्हा पाळत थांबायला हवी होती. ती थांबली नाही, तिचा हेतू बदलला. १८ नोव्हेंबर १९६४ ला हूवरनी पत्रकारांसमोर किंग यांना देशातला सगळ्यात कुख्यात खोटारडा म्हटलं आणि त्यानंतर काही दिवसांतच ब्यूरोकडून किंग यांना ध्वनिफितीसह ते निनावी पत्र गेलं, ज्याचा रोख किंग यांनी जीव द्यावा असा वाचला जातो. पत्राचा मसुदा सहायक संचालक विल्यम सलिव्हन यांच्या कागदांत सापडला. हूवर यांची त्यावर सही नाही, हेही लिहा.

जॉन्सन यांचा फायदा तर सरळ होता. ऑगस्ट १९६४ च्या अटलांटिक सिटीतल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात एफबीआयचं पथक मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींच्या आणि किंग यांच्या हालचाली व्हाइट हाउसला कळवत होतं. हे पोलिसी काम नव्हतं, पक्षाचं काम होतं. त्याच वर्षी जॉन्सननी हूवरना सत्तराव्या वर्षीच्या सक्तीच्या निवृत्तीतून सूट दिली.

काँग्रेसही धुतल्या तांदळासारखी नाही. दरवर्षी हूवर अंदाजपत्रकाच्या समितीपुढे आकडे घेऊन जात आणि बहुतेक वेळा मागतील तेवढं घेऊन येत. हातातली थैली आवळायचा अधिकार होता, वापरला गेला नाही.

आणि दोन नोंदी विरुद्ध बाजूच्या, त्या गाळू नका. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना सरसकट छावण्यांत टाकायला हूवर यांचा विरोध होता. १९७० मध्ये निक्सन यांच्या व्हाइट हाउसनं आखलेली ह्यूस्टन योजना, ज्यात घरफोड्या आणि टपाल उघडणं पुन्हा सुरू करायचं होतं, ती त्यांच्याच हरकतीमुळे मागे घ्यावी लागली. तत्त्वासाठी, की उघडकीस येण्याच्या धास्तीनं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण त्याच काळात कॉइंटेलप्रो जोरात चालू होतं.

---

नोंदवही

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

तपासून उरतं ते बरंच आहे आणि ते कबूल करायला हवं. १९३० पासून देशभरच्या गुन्ह्यांची एकसारखी आकडेवारी, १९३२ ची प्रयोगशाळा, १९३५ ची पोलीस अकादमी, जानेवारी १९६७ मध्ये सुरू झालेलं संगणकीकृत गुन्हे माहिती केंद्र. स्थानिक पोलिसांना हे सगळं फुकट मिळायचं. एका गावचा शेरीफ दुसऱ्या टोकाच्या तुरुंगातला ठसा मागवू शकतो, हे १९२४ च्या आधी शक्य नव्हतं. हूवर येण्यापूर्वी ब्यूरोत वशिल्याच्या नेमणुका आणि भ्रष्टाचार होता. त्यांनी वकील आणि हिशेबनीस घेतले, नियमित तपासण्या लावल्या.

पण दरोडेखोरांच्या पाठलागाची गोष्ट जपून सांगा. १७ जून १९३३ च्या कॅन्सस सिटीच्या गोळीबारापर्यंत एजंटांना कायद्यानं अटकेचे अधिकार नव्हते. ते आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्यांनी आले. २२ जुलै १९३४ ला शिकागोत डिलिंजर मारला गेला, मोहिमेचं नेतृत्व मेल्व्हिन पर्विस यांच्याकडे होतं. नाव झालं ते पर्विसचं, आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोकरी सोडावी लागली.

अपयश कुठून आलं हे समजायला त्यांचे आकडे बघावेत. दरवर्षी 'वसूल मालमत्ता' दाखवायची असे. राज्याबाहेर नेलेल्या चोरीच्या गाड्या हा सोपा आकडा, कारण गाडी बहुधा स्थानिक पोलिसांनीच शोधलेली असे, ब्यूरोच्या खात्यात तिची किंमत जमा व्हायची. संघटित गुन्हेगारीत वर्षानुवर्षं घालवूनही आकडा शून्य राहू शकतो. म्हणून माफिया देशभर एकत्र काम करतो हे हूवर नाकारत राहिले. १४ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपलेकिनमध्ये राज्य पोलिसांनी एका घरी जमलेले साठेक म्होरके पकडले, तेव्हा नाकारणं अशक्य झालं. एफबीआयला त्या बैठकीचा पत्ता नव्हता.

नागरी हक्कांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते बर्मिंगहॅम. १५ सप्टेंबर १९६३ ला तिथल्या चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली गेल्या. १९६५ पर्यंत तिथल्या एजंटांकडे संशयितांची नावं होती आणि खटला भरावा असं त्यांचं म्हणणं होतं. हूवरनी परवानगी दिली नाही, १९६८ मध्ये प्रकरण बंद झालं. शिक्षा झाल्या त्या १९७७, २००१ आणि २००२ मध्ये. मारेकरी शोधणं जमलं नाही असं इथे म्हणता येत नाही, शोधून झालं होतं.

आणि नेमणुका. १९२८ नंतर त्यांच्या उरलेल्या संपूर्ण कारकिर्दीत एकही स्त्री एजंट नव्हती. त्यानंतरच्या पहिल्या दोघी जुलै १९७२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी प्रशिक्षणाला गेल्या.

---

वाटसरू

मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन उपप्रश्न. केनेडींना 'ब्लॅकमेल' केलं, आणि हूवर बायकी पोशाख घालत, या दोन्ही गोष्टी सर्रास छापल्या जातात. टिपणात घ्याव्यात का? दुसरं, मूळ फायली वाचायच्या झाल्या तर कुठून सुरुवात करू?

---

दप्तरखाना

पोशाखाची गोष्ट सोडून द्या. ती मूळ एकाच साक्षीदारावर उभी आहे आणि इतिहासकार ती ग्राह्य धरत नाहीत. त्यापेक्षा १९५१ पासून समलैंगिक सरकारी कर्मचाऱ्यांची नावं गोळा करून वरिष्ठांना कळवणारा जो कार्यक्रम त्यांनी चालवला, त्यावर लिहा. त्यात खऱ्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

'ब्लॅकमेल' शब्दही टाळा, कारण तशी धमकी कागदावर नाही. पद्धत अशी: फेब्रुवारी १९६२ मध्ये हूवरनी रॉबर्ट केनेडींना टिपण पाठवलं की ज्युडिथ कॅम्बेल नावाच्या बाई व्हाइट हाउसला फोन करतात आणि त्यांचे गुंडांशीही संबंध आहेत. मार्चमध्ये हूवर राष्ट्राध्यक्षांबरोबर जेवले. माहिती 'आपल्या कानावर घालतो' या भाषेत होती. पुढचं समोरच्यानं समजायचं.

फायली वाचताना:

एफबीआयच्या 'व्हॉल्ट' संकेतस्थळावर बरंच आहे, बाकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ६५ क्रमांकाच्या संग्रहात. फाइल क्रमांकाचा पहिला आकडा विषय सांगतो: १०० म्हणजे देशांतर्गत सुरक्षा, ४४ नागरी हक्क, ७ अपहरण. किंग यांची मुख्य फाइल १००-१०६६७० आहे. फाइल १०० खाली उघडली याचाच अर्थ तो माणूस गुन्हेगार म्हणून नव्हे, धोका म्हणून पाहिला जात होता.

अहवालात स्रोत 'टी-१', 'टी-२' असे येतात. वाचणाऱ्याला वाटतं ही माणसं आहेत. त्यातला एखादा टेलिफोन टॅप असतो, एखादा मायक्रोफोन. 'याआधी विश्वासार्ह माहिती दिली आहे' हे वाक्य यंत्राबद्दलही लिहिलेलं सापडतं. कुठला टी म्हणजे काय याची किल्ली सोबतच्या प्रशासकीय पानावर असते आणि नेमकं तेच पान बहुधा काळं केलेलं असतं. 'निनावी स्रोत' दिसला तर घरफोडीची शक्यता धरून चाला.

पानाच्या उजव्या कोपऱ्यात वरिष्ठांच्या नावांची उभी यादी असते, कुणी वाचलं ते तिथून कळतं. हूवर यांचे शेरे हातानं लिहिलेले, खाली फक्त 'एच'. अहवालाच्या मजकुरापेक्षा हे शेरे मोलाचे आहेत, कारण अहवाल लिहिणारा हूवरना काय आवडेल ते लिहीत होता. याचं उघड उदाहरण: ऑगस्ट १९६३ मध्ये सलिव्हन यांच्या विभागानं कम्युनिस्टांचा कृष्णवर्णीय चळवळीवर फारसा प्रभाव नाही असा अहवाल दिला, हूवरनी तो झिडकारला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सलिव्हननी किंग हे सगळ्यात धोकादायक आहेत असं उलट टिपण लिहिलं. मधल्या काळात नवा पुरावा काहीच आला नव्हता.

कॉइंटेलप्रोचे प्रस्ताव मात्र सगळे वाचा. ठरलेला साचा आहे: फील्ड ऑफिसचा प्रस्ताव, अपेक्षित परिणाम, ब्यूरोचं नाव बाहेर येणार नाही याची हमी, मुख्यालयाचं उत्तर, मग 'ठोस निष्पत्ती'. १९७० मध्ये ब्लॅक पँथर्स या जहाल कृष्णवर्णीय संघटनेला पैसे देणाऱ्या अभिनेत्री जीन सीबर्ग यांच्याबद्दल लॉस एंजेलिस ऑफिसनं प्रस्ताव पाठवला, की पोटातलं मूल एका पँथरचं आहे अशी कंडी पिकवावी. मुख्यालयानं मान्य केलं, वर सल्ला दिला की दोनेक महिने थांबा, गरोदरपण दिसू लागलं की स्रोत उघडा पडणार नाही. स्रोत फोन टॅप होता. प्रकरण शांतपणे, टंकलेखन करून, प्रती काढून मंजूर झालं आहे.

---

साक्षेप

सुधारणांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

हे सगळं बाहेर आलं ते देखरेखीमुळे नाही. ८ मार्च १९७१ ला काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावचं एफबीआय ऑफिस फोडलं, हजाराहून अधिक कागद नेले आणि वृत्तपत्रांना पाठवले. त्यातल्या एका चिठ्ठीवर 'कॉइंटेलप्रो' हा शब्द होता. पत्रकार कार्ल स्टर्न यांनी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली दावा लावून त्याचा अर्थ काढायला लावला. मग १९७५ ची चर्च समिती.

कायद्यात आलं ते असं: १९६८ पासून पुढच्या संचालकाला सिनेटची मंजुरी, १९७६ मध्ये दहा वर्षांची एकच मुदत, १९७८ मध्ये परदेशी हेरगिरीच्या तपासातल्या टॅपसाठी विशेष न्यायालय. १९७६ ची लेव्ही मार्गदर्शक तत्त्वं (एफबीआयनं तपास कधी आणि कसा करावा याचे नियम) मात्र कायदा नाहीत, अ‍ॅटर्नी जनरलचा हुकूम आहे. ती १९८३, २००२ आणि २००८ मध्ये बदलली, आणि २००८ पासून ठोस संशय नसतानाही 'असेसमेंट' नावाची प्राथमिक चौकशी करता येते.

दहा वर्षांची मुदत ही कमाल मर्यादा आहे, संरक्षण नाही. काँग्रेसनं २०११ मध्ये तेव्हाचे संचालक म्युलर यांना दोन वर्षं वाढवून दिली. राष्ट्राध्यक्षांनी १९९३ मध्ये सेशन्स यांना आणि २०१७ मध्ये कोमी यांना मुदतीआधी काढलं. हूवरसारखा न हलणारा संचालक कायद्यानं रोखला. राष्ट्राध्यक्षाच्या तालावर चालणारा संचालक रोखायला त्यात काही नाही, आणि अटलांटिक सिटी आठवली तर हूवर हे दोन्ही होते.